इंजेक्शन आठवड्याचे, धीर वर्षाचा

पुणे-लोणावळा लोकलच्या बायकांच्या डब्यात गवारीच्या शेंगा मोडता मोडता ज्या गप्पा चालतात, त्यात अलीकडे एका नव्या विषयाची भर पडली आहे. भाजीचे भाव झाले, मुलांच्या परीक्षा झाल्या, की कुणीतरी हळूच विचारते, "तू घेतेस का गं ते वजनाचं इंजेक्शन?" मग एकीच्या नणंदेचे म्हणे सहा महिन्यांत पंधरा किलो उतरले. दुसरीच्या जाऊबाईंनी दोन महिने टोचून घेतले, काटा जेमतेम दीड किलो हलला, म्हणून त्यांनी सोडून दिले. ऐकणारीला कळेनासे होते, की हे औषध जादूचे म्हणायचे की फसवणुकीचे?

मैत्रिणींनो, ते जादूचेही नाही आणि फसवणुकीचेही नाही. ते एक औषध आहे. त्याचा एक वेग आहे आणि तो बेताचा आहे. हा वेग आधी समजून घेतला, तर पैसाही वाया जात नाही आणि मनही खचत नाही. नाही समजला, तर चांगले औषधही अर्ध्यावर सुटते. म्हणून आज जरा शांतपणे या औषधाचा हिशेब मांडू या.

हिशेबाला कुणीतरी हवे, म्हणून डोळ्यांपुढे एक बाई आणा. आपण तिला कामशेतची वहिनी म्हणू. वय बेचाळीस, उंची पाच फूट दोन इंच, वजन ऐंशी किलो. गुडघे कुरकुरतात, साखर काठावर आहे, आणि वैशाखात मुलीचे लग्न आहे. तुळशीचे लग्न झाले की इंजेक्शन सुरू करायचे आणि मुलीच्या लग्नात पंचवीस किलोने हलके होऊन मिरवायचे, असा तिचा बेत. हा बेत कुठे चुकतो, ते बघू.

हे औषध करते तरी काय?

आपण जेवलो की आतड्यातून एक रस रक्तात उतरतो. त्याचे नाव जीएलपी-१. "पुरे आता, पोट भरले," असा निरोप तो मेंदूला देतो, पोटातले अन्न पुढे ढकलण्याचा वेग कमी करतो आणि साखर आटोक्यात ठेवायला मदत करतो. पण निसर्गाने हा निरोप्या फार अल्पायुषी केला आहे. दोन-चार मिनिटांतच तो नाहीसा होतो.

शास्त्रज्ञांनी त्याच्यासारखेच, पण टिकाऊ औषध शोधून काढले. गंमत अशी, की पहिला धागा सापडला तो अमेरिकेतल्या वाळवंटी भागात राहणाऱ्या गिला मॉन्स्टर नावाच्या विषारी पालीच्या लाळेत! त्यावरून बनलेले मधुमेहाचे पहिले औषध अमेरिकेत २००५ मध्ये मंजूर झाले. पुढे सेमाग्लुटाइड आले. ते शरीरात आठवडाभर टिकते, म्हणून आठवड्यातून एकदाच टोचायचे. टिरझेपाटाइड त्याच्याही पुढचे, दोन रसांचे काम एकदम करणारे. भारतात २०२५ च्या मार्चमध्ये टिरझेपाटाइड 'मौंजारो' या नावाने आले आणि त्याच वर्षी जूनमध्ये वजनासाठीचे सेमाग्लुटाइड 'वेगोव्ही' या नावाने.

म्हणजे हे औषध चरबी वितळवत नाही, बरं का. ते भूक शांत करते. अर्धी पोळी खाल्ल्यावर "नको आता" असे आतून वाटू लागते. वजन उतरते ते कमी खाल्ल्यामुळे. आणि कमी खाऊन उतरणारे वजन रातोरात उतरत नाही, हे तर आपल्या आजीलाही ठाऊक होते.

सासूबाई घाबरतात, ते उगीच नाही

"वजनाची औषधं वाईट, त्यानं हृदय बिघडतं," असे घरातले वडीलधारे म्हणाले तर त्यांना हसू नका. त्यांच्या काळात तसे घडलेले आहे. फेनफ्लुरामाइन नावाची बारीक होण्याची गोळी हृदयाच्या झडपा बिघडवते असे दिसल्यावर १९९७ मध्ये अमेरिकेच्या बाजारातून काढून घ्यावी लागली. सिब्युट्रामाइनची गोळी हृदयविकाराच्या धोक्यामुळे २०१० मध्ये अमेरिकेत आणि युरोपात थांबली आणि २०११ मध्ये आपल्याकडेही बंद झाली.

आजची इंजेक्शने त्या जातीची नाहीत. हजारो माणसांवर वर्ष-वर्षभर चाचण्या घेऊन ती आली आहेत. तरीही जुन्या अनुभवातून एक शहाणपण घ्यावे. पार्लरमधून, जिममधल्या ओळखीतून किंवा फोनवरची जाहिरात पाहून हे औषध कधीही मागवू नये. तज्ज्ञ डॉक्टरांची चिठ्ठी आणि पक्क्या पावतीचे दुकान, एवढे तरी हवेच.

आकडे नीट वाचा

आता कामशेतच्या वहिनीचे पंचवीस किलो बघू. सेमाग्लुटाइडची मोठी चाचणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत १,९६१ माणसे होती. ६८ आठवड्यांनंतर औषध घेणाऱ्यांचे वजन सरासरी १४.९ टक्के उतरले. ज्यांना औषध म्हणून नुसतेच पाणी टोचले होते, त्यांचे २.४ टक्के. टिरझेपाटाइडची चाचणी २०२२ ची, २,५३९ माणसांची आणि ७२ आठवड्यांची. तीत सर्वांत मोठ्या डोसवर सरासरी २०.९ टक्के वजन उतरले, तर पाच मिलिग्रॅमच्या डोसवर १५ टक्के.

टक्क्यांचे किलो करू. ऐंशी किलोचे पंधरा टक्के म्हणजे बारा किलो. हे बारा किलो उतरायला लागले ६८ आठवडे, म्हणजे एक वर्ष आणि वर चार महिने. भागाकार केला तर आठवड्याला सरासरी पावणेदोनशे ग्रॅम. पाव किलोसुद्धा नाही! वाण्याने पुडीत बांधून दिले तर हातात भरणारही नाही, एवढे.

सुरुवातीला वेग थोडा जास्त असतो, मग मंदावतो, आणि वर्षाच्या आसपास काटा एका जागी स्थिरावतो. म्हणजे तुळशीच्या लग्नापासून वैशाखापर्यंतच्या सहा महिन्यांत वहिनीने सात-आठ किलोंची अपेक्षा ठेवावी. तेवढे उतरले तर ते उत्तम झाले असे समजावे. पंचवीस किलो हे मुळातच चुकीचे गणित आहे. ते मनात धरून बसली, तर आठ किलो उतरूनही ती रडत बसेल.

आणखी दोन गोष्टी या आकड्यांमध्येच दडलेल्या आहेत. पहिली, सरासरी म्हणजे सगळ्यांचे सारखे नव्हे. सेमाग्लुटाइडच्या त्या चाचणीत औषध घेणाऱ्या सात जणांमागे साधारण एकाचे वजन पाच टक्केसुद्धा उतरले नाही. तो त्याच्या शरीराचा गुण, त्याचा आळस नव्हे. दुसरी, चाचणीतल्या सर्वांनाच कमी उष्मांकाचा आहार आणि आठवड्याला १५० मिनिटांची हालचाल सांगितलेली होती. म्हणजे ते पंधरा टक्के नुसत्या सुईचे नाहीत. सुई, ताट आणि पाय या तिघांचे मिळून आहेत.

पहिले चार महिने तयारीचे

सर्वांत जास्त बायका औषध सोडतात त्या सुरुवातीच्या काळात. कारण सोपे आहे. पहिला डोस वजन उतरवण्यासाठी नसतोच! सेमाग्लुटाइड सुरू होते पाव मिलिग्रॅमपासून. चार आठवडे तेवढेच. मग अर्धा, मग एक, मग एक पूर्णांक सात दशांश, आणि सतराव्या आठवड्याला २.४ मिलिग्रॅमचा पूर्ण डोस. टिरझेपाटाइड सुरू होते अडीच मिलिग्रॅमपासून. चार आठवड्यांनी पाच, आणि पुढे गरज असेल तरच अडीच-अडीचने वर.

पोटाला सवय व्हावी म्हणून हा जिना आहे. पोट एकदम मंदावले तर मळमळ, उलटी, जुलाब, बद्धकोष्ठ, करपट ढेकर असे त्रास होतात. हळूहळू चढवले तर बहुतेकींना ते सोसवतात आणि पुढे कमी होतात. म्हणून पहिल्या महिन्यात काटा किलोभरच हलला, तर "माझ्या अंगाला लागू पडत नाही" असा निकाल देऊ नये. आणि शेजारणीचा डोस पाचचा आहे म्हणून आपणही पाचचा घ्यावा, हे तर मुळीच करू नये. त्रास होत असेल तर डॉक्टर त्याच पायरीवर आणखी महिनाभर थांबायला सांगतात. त्यात कमीपणा काही नाही.

आपल्या मावळातल्या बाईला हे समजावून सांगायला फार लांब जायला नको. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली. घाटाचा सर्वांत कडक चढ सदतीस फुटांमागे एक फूट. आजही बऱ्याच गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिने जोडतात, आणि मग गाडी सावकाश, बोगद्यामागून बोगदा घेत लोणावळ्याला येते. पळसदरीला गाडी हळू झाली म्हणून कुणी खाली उडी मारत नाही. चढणीचा वेग तोच असतो, हे सगळ्यांना माहीत असते. औषध हे त्या मागच्या इंजिनासारखे आहे. ते ढकलते. पुढचे इंजिन मात्र तुमचेच.

फरक एवढाच, की लोणावळ्याला पोचल्यावर मागची इंजिने काढून घेता येतात. औषधाचे तसे सोपे नाही. त्याबद्दल पुढे बोलूच.

काट्याशिवायही मोजा

रोज सकाळी काट्यावर उभे राहणे म्हणजे भात शिजतोय का हे बघायला दर मिनिटाला झाकण काढणे. पाळीच्या दिवसांत अंगात पाणी धरते, आदल्या दिवशी लोणचे-पापड झाले तरी काटा वर जातो. आठवड्यातून एकदा, ठरल्या वारी, उठल्यावर, रिकाम्या पोटी वजन करावे आणि कॅलेंडरवर लिहून ठेवावे. बघायचे ते महिन्याचे.

वजनापेक्षाही महत्त्वाचे एक माप आहे. ते सांगितले आपल्या पुण्यानेच. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा एक फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा, २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिनसाहेबांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिक डॉक्टरांची २१.२ टक्के! पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून चाललेल्या त्यांच्या अभ्यासातही हेच दिसले. तिथली बाळे सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली साडेतीन किलोची. आपली बाळे दिसायला किडकिडीत, पण कातडीखालची चरबी त्या मानाने कमी नाही. बारीक दिसूनही आतून चरबीचा, असा हा आपला बांधा.

म्हणून आपल्याकडे बाईच्या कमरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या वर गेला की सावध व्हावे, असे डॉक्टर सांगतात. शिवणाची टेप घरात असतेच. महिन्यातून एकदा बेंबीच्या पातळीवर, श्वास सोडून, घेर मोजावा. कधी काटा दोन महिने हलत नाही, पण घेर तीन सेंटिमीटरने कमी झालेला असतो. ब्लाउजची शिवण आत घ्यावी लागते. जिन्यावर दम लागत नाही. कार्ल्याच्या एकवीरेच्या पायऱ्या मागच्या वर्षी चार ठिकाणी बसून चढलात, यंदा दोन ठिकाणी. हे सगळे वहीत लिहिण्यासारखे आहे.

आणि एक दिलासा. फायदा मिळायला वीस टक्के उतरावेच लागते असे नाही. पाच ते दहा टक्के वजन उतरले तरी साखर, रक्तदाब आणि रक्तातली चरबी यांत फरक पडू लागतो. आपल्या वहिनीसाठी हे झाले चार ते आठ किलो. म्हणजे मुलीच्या लग्नात ती बारीक दिसो ना दिसो, तिची काठावरची साखर मात्र माघारी वळू शकते. तोच खरा दागिना.

अर्धे ताट, पण भरीव

भूक कमी होते तेव्हा बायका काय करतात? चहा-बिस्किटावर दिवस काढतात. "भूकच नाही बाई, बरं झालं!" हे मात्र धोक्याचे. उतरणाऱ्या वजनात चरबीबरोबर स्नायूही जातात. चौथ्या हिश्शापासून ते चाळीस टक्क्यांपर्यंत असा वाटा निरनिराळ्या तपासण्यांत दिसला आहे. स्नायू गेले की हातपाय गळतात, आणि औषध थांबल्यावर वजन परत येते ते चरबीच्या रूपाने.

म्हणून जे काही थोडे खायचे, त्यात प्रथिने आधी. ताटात आधी उसळ, पिठले, घट्ट वरण, दही, अंडे, पनीर, मासे किंवा कोंबडी जे चालत असेल ते. मग भाजी. पोळी-भाकरी आणि भात शेवटी. १९८७ मध्ये वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून आलेला आपला इंद्रायणी भात सोडा असे कोण म्हणेल? फक्त तो आधी वाढून घेऊ नका. भातानेच पोट भरले तर उसळ तशीच राहते.

साधारण अंदाज असा: एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिने, वाटीभर वरणात सहा-सात, मूठभर फुटाण्यांत सहा, शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठरा. ऐंशी किलोच्या बाईने दिवसाला साठ-सत्तर ग्रॅमच्या आसपास जाण्याचा प्रयत्न करावा. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्र डॉक्टरांना विचारूनच.

आणखी काही घरगुती गोष्टी:

• घास लहान, जेवण सावकाश. "अजून दोन घास" हा आग्रह स्वतःलाही करू नये. पोट भरल्यावरचा एक घाससुद्धा उलटी करवतो.

• टोचल्यानंतरचे एक-दोन दिवस तळलेले टाळावे. लोणावळ्याच्या पावसात कांदाभजी खुणावणारच, पण त्या दिवशी मुगाचे कढण किंवा ताकभात बरा.

• चिक्की शत्रू नव्हे. पाहुणे आले की डबा उघडतोच. एक तुकडा चघळून खावा. सबंध पाकीट पुढ्यात घेऊन बसू नये.

• पाणी विसरू नये. भूक मंदावली की तहानही लक्षात येत नाही, आणि बद्धकोष्ठ वाढते. भाजी, पेरू, इसबगोल यांची मदत घ्यावी.

• उपवासाचे आधी डॉक्टरांशी बोलून घ्यावे. मधुमेहाच्या काही गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असताना नवरात्राचा कडक उपवास आणि त्यात हे इंजेक्शन, यामुळे साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते.

• दोन-तीन महिन्यांनी केस जास्त गळू लागले तर घाबरू नये. वजन भराभर उतरले की असे होते आणि पुढे बहुधा थांबते. प्रथिने व लोह पुरेसे आहे ना, ते तपासावे.

स्नायू टिकवायला चालणे हवे आणि थोडे जोराचे कामही हवे. लोणावळ्याच्या पावसात चार महिने बाहेर पडणे कठीण. मग घरातच पाटावर चढउतार, खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठणे, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणे, सूर्यनमस्कार. लोणावळ्यातच १९२४ मध्ये स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम सुरू केले. आसनांचा शरीरावर काय परिणाम होतो, हे त्यांनी नुसत्या श्रद्धेने न सांगता यंत्रे लावून मोजून पाहिले. तोच धडा आपणही घ्यावा. कुणी सांगितले म्हणून मानू नये आणि कुणी हसले म्हणून सोडू नये. मोजावे आणि मग ठरवावे.

घरखर्चाचा हिशेब आधी

आता नाजूक विषय. टिरझेपाटाइड भारतात आले तेव्हा अडीच मिलिग्रॅमची एक कुपी ३,५०० रुपयांना आणि पाचची ४,३७५ रुपयांना होती. चार आठवड्यांचे झाले १४,००० ते १७,५००. पाचच्या डोसवर वर्ष काढले तर दोन लाखांच्या वर! तेव्हापासून भाव बदलत आहेत. सेमाग्लुटाइडचे भारतातले पेटंट मार्च २०२६ पर्यंतचे, त्यानंतर इतर कंपन्यांनाही ते बनवायला मोकळीक. म्हणून सुरू करताना दुकानात आजचा भाव विचारावा, आणि पहिल्या महिन्याचा नव्हे, तर पुढच्या चढत्या डोसांचाही विचारावा.

हा हिशेब आधी का? कारण औषध थांबवल्यावर काय होते, तेही तपासलेले आहे. सेमाग्लुटाइड थांबवल्यानंतर वर्षभरात उतरलेल्या वजनातले सुमारे दोन तृतीयांश परत आले. आपल्या वहिनीचे बारा किलो उतरून ती अडुसष्टवर आली, आणि लग्न झाले, पैसे संपले म्हणून तिने सुई बंद केली, तर वर्षाने ती शहात्तरच्या आसपास असेल. भूक परत येते. तो रस पुन्हा दोन-चार मिनिटांचाच उरतो ना!

याचा अर्थ सगळ्यांनी जन्मभर टोचत राहावे असा नाही. कुणाला डॉक्टर डोस कमी करून बघतात, कुणाचे थांबवून लक्ष ठेवतात. पण रक्तदाबाच्या गोळीसारखे हे लांबचे औषध आहे, असे समजूनच पाऊल टाकावे. लग्नापुरते तीन महिने घेऊ या, हा विचार असेल तर त्या पैशात मुलीसाठी काहीतरी घ्यावे. ते तरी राहील.

कुणी घेऊ नये, कुणी जपून

उंचीच्या मानाने वजनाचा आकडा ३० किंवा त्याहून जास्त असेल, किंवा २७ च्या वर असून मधुमेह, रक्तदाब यांसारखा विकार जोडीला असेल, तर वजनासाठी या औषधाचा विचार होतो. पाच फूट उंचीच्या बाईला ३० म्हणजे साधारण ७० किलो आणि २७ म्हणजे ६३ किलो. पाच किलो जास्त आहेत, साडी जरा नीट बसावी, एवढ्यासाठी हे औषध नाही.

गरोदर असताना किंवा बाळाला अंगावर पाजताना ते घेऊ नये. मूल हवे असेल तर सेमाग्लुटाइड किमान दोन महिने आधी बंद करावे लागते. आणि एक गोष्ट बायका विचारायला लाजतात, म्हणून इथेच सांगते. टिरझेपाटाइडमुळे संततिनियमनाच्या गोळीचा परिणाम कमी होऊ शकतो. औषध सुरू केल्यावर चार आठवडे आणि दर वेळी डोस वाढवल्यावर चार आठवडे दुसरे साधन वापरावे. तांबी असेल तर ही काळजी नाही. शिवाय पीसीओडी असलेल्या मुलींचे वजन उतरले की पाळी नियमित होऊ लागते आणि दिवस राहण्याची शक्यता वाढते, हेही ध्यानात ठेवावे.

घरात कुणाला थायरॉइडचा मेड्युलरी कर्करोग झाला असेल, स्वतःला स्वादुपिंडाला सूज येऊन गेली असेल, पित्ताशयात खडे असतील, तर ते डॉक्टरांना आधीच सांगावे. औषध चालू असताना पोटात असह्य कळ येऊन ती पाठीत गेली, उलट्या थांबेनाशा झाल्या, किंवा उजव्या बरगडीखाली जोरात दुखू लागले, तर "उद्या बघू" म्हणू नये. त्याच दिवशी दवाखाना गाठावा. कसलेही ऑपरेशन ठरले तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना या इंजेक्शनबद्दल आठवणीने सांगावे.

औषध फ्रीजमध्ये ठेवावे, पण बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही. गोठलेले औषध वितळवून वापरू नये, टाकून द्यावे. पावसाळ्यात आपल्याकडे वीज चार-पाच तास जाते, तेवढ्याने घाबरू नये. फ्रीजचे दार मात्र सारखे उघडू नये. बाहेर किती अंशांवर किती दिवस टिकते, ते खोक्यातल्या कागदावर लिहिलेले असते. तो कागद फेकू नका. आणि एखादा आठवडा चुकला तर पुढच्या वेळी दुप्पट टोचू नये, डॉक्टरांना फोन करावा.

घरातल्यांची साथ

हे सगळे करताना सर्वांत कठीण काय असेल, तर माणसांची तोंडे. "अजून तशीच दिसतेस की गं!" हे हळदीकुंकवात कुणीतरी म्हणणारच. "आयतं इंजेक्शन घ्यायचं, व्यायाम करायला काय होतं?" असेही कुणी म्हणेल. भूक ही नुसती मनाची गोष्ट नाही, ती रक्तातल्या रसांची गोष्ट आहे. ज्या बाईने वीस वर्षे कधी दोन वेळाचेच जेवून, कधी भात सोडून, कधी नुसत्या फळांवर राहून पाहिले आहे, तिला आळशी म्हणणे हा अन्याय आहे. चष्मा लावणाऱ्याला आपण "डोळे ताणून बघ" असे सांगतो का?

नवऱ्याला मात्र विश्वासात घ्यावे. पैसा दोघांचा, आणि काळही मोठा. चोरून, भिशीच्या पैशातून सुरू केलेले औषध तिसऱ्या महिन्यात बंद पडते, हे सांगायला ज्योतिषी नको. दोघांनी मिळून डॉक्टरांकडे जावे आणि हे पाच प्रश्न विचारावेत: माझ्या वजनासाठी आणि विकारांसाठी हे औषध योग्य आहे का? वर्षभरात माझे किती किलो उतरावेत अशी तुमची अपेक्षा आहे? पूर्ण डोसवर किती महिने घेऊन फरक पडला नाही तर थांबवायचे? सबंध वर्षाचा खर्च किती? आणि थांबवताना कसे थांबवायचे?

उत्तरे वहीत लिहून घ्या. पहिल्या पानावर आजचे वजन, कमरेचा घेर, साखर, रक्तदाब लिहा. मग ती वही महिन्यातून एकदाच उघडा. कामशेतच्या वहिनीनेही पंचवीसचा आकडा खोडून पहिल्या पानावर 'सहा महिन्यांत आठ, वर्ष-सव्वा वर्षात बारा' असे लिहिले, तर वैशाखात ती रुखवताशी उभी राहील तेव्हा आपण हरलो असे तिला वाटणार नाही. गुडघे हलके झालेले असतील, आणि पुढची वाटही तिला माहीत असेल.